रोहूच्या पिल्लाची पचनसंस्था कशी घडते?



पचनसंस्था हा धडा आपण वर्गात नेहमी शिकवतो. तोंड, ग्रासनली, जठर, लहान आतडे, मोठे आतडे, गुदद्वार ही साखळी मुलांना तोंडपाठ असते. मग एखादं चौकस मूल विचारतं, "सर, माशाला पण असंच असतं का?" या प्रश्नाला घाईने "हो" म्हणू नका. कारण आपल्या बाजारात रोज दिसणाऱ्या रोहू माशाला जठरच नसते! पोट असते, म्हणजे पोटाची पोकळी असते. पण ज्यात आम्ल स्रवते ती जठराची पिशवी मात्र नसते.

त्याहून गमतीची गोष्ट अशी, की रोहूचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याचे तोंडही उघडलेले नसते. खायला तोंड नाही, पचवायला तयार आतडे नाही, तरी ते जगते. मग पुढच्या काही दिवसांत, अक्षरशः आपल्या डोळ्यांदेखत, त्याची पचनसंस्था बांधली जाते. ती वेळेवर बांधली गेली आणि त्याच वेळी योग्य अन्न समोर असलं तर पिल्लू वाचतं. नाहीतर लाखो पिल्लं काही दिवसांत मरतात. मत्स्यशेती करणाऱ्या शेतकऱ्याचं सगळं वर्ष या काही दिवसांवर अवलंबून असतं. म्हणून हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही.

आजच्या लेखात आपण गोड्या पाण्यातल्या माशाच्या पिल्लाची पचनसंस्था कशी तयार होते ते टप्प्याटप्प्याने बघू. उदाहरण म्हणून मुख्यतः रोहू घेऊ. सोबत कटला आणि मृगळ हे त्याचे भाऊबंदही येतील.

आधी ओळख: जिरे, बीज, बोटुकली

रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे उत्तर भारतातल्या गंगेच्या खोऱ्यासारख्या मोठ्या नद्यांतले मासे. पावसाळ्यात नदीला पूर आला की ते अंडी घालतात. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण तिथे आपणहून अंडी घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी पिल्ले नदीतूनच गोळा करावी लागत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस देशात राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. आज महाराष्ट्रातल्या तलावांत आणि शेततळ्यांत हे मासे वाढतात ते या शोधामुळे.

आपल्याकडे पिल्लांच्या वयानुसार सुंदर मराठी शब्द आहेत. मुलांना ते जरूर सांगा.

- मत्स्यजिरे: अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू. दिसायला आणि आकाराला खरोखरच जिऱ्यासारखे, साधारण ५ मिलिमीटर.
- मत्स्यबीज: दोन-तीन आठवड्यांचे पिल्लू, साधारण २५ मिलिमीटर.
- मत्स्यबोटुकली: दोन-तीन महिन्यांचे, बोटाएवढे पिल्लू.

जिरे, बीज, बोटुकली. हे तीन शब्द लक्षात ठेवा, कारण पचनसंस्थेची गोष्टही याच तीन पायऱ्यांनी पुढे जाते.

पहिले तीन दिवस: आईने दिलेली शिदोरी

रोहूचे अंडे पाण्यात पडले की फुगते आणि पारदर्शक होते. पावसाळ्यातल्या उबदार पाण्यात, म्हणजे २६ ते ३१ अंश सेल्सियसला, साधारण १४ ते २० तासांत त्यातून जिरे बाहेर येते. विचार करा, एका दिवसाच्या आत! इतक्या कमी वेळात सगळं शरीर तयार होणं शक्यच नाही. त्यामुळे जिरे हे अर्धवट बांधलेल्या घरासारखं असतं. भिंती उभ्या आहेत, पण दारं-खिडक्या बसायच्या आहेत.

या जिऱ्याच्या पोटाखाली एक लांबट फुगवटा असतो. त्याला पीतककोश म्हणतात. कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक म्हणजे पीतक. तसेच पीतक माशाच्या अंड्यातही असते. त्यात प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ असतात. ही आईने बांधून दिलेली शिदोरीच. फरक इतकाच, की ही शिदोरी तोंडाने खायची नसते. पीतकाभोवती पेशींचा एक पातळ थर असतो. तो पीतक हळूहळू विरघळवतो आणि त्यातले अन्न सरळ रक्तात सोडतो. म्हणजे आतडे तयार नसतानाही पोषण चालू राहते.

या वेळी आतडे कसे असते? पीतककोशाच्या वर, पाठीच्या कण्याला समांतर अशी एक सरळ नळी. ना वळण, ना घडी. तोंडाकडून बंद आणि शेपटीकडूनही बंद. आतली पोकळीसुद्धा पूर्ण तयार झालेली नसते.

उबदार पाण्यात ही शिदोरी साधारण तीन दिवस पुरते. पाणी थंड असेल तर वाढ मंदावते आणि पीतक थोडे जास्त दिवस पुरते. मुलांना इथे एक प्रश्न विचारा: "तीन दिवसांत शिदोरी संपणार हे माहीत आहे, तर त्या तीन दिवसांत पिल्लाने काय काय तयार करायला हवं?" उत्तरं मुलांकडूनच येतील. अन्न दिसायला डोळे, पकडायला तोंड, पाण्यात तरंगायला सोय, पचवायला आतडे, आणि उरलेलं बाहेर टाकायला वाट.

नळीची दोन्ही दारे उघडतात

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत खूप काही घडते. डोळ्यांत काळा रंग भरतो. खालचा जबडा हलू लागतो. तोंड उघडते आणि मागे गुदद्वारही उघडते. आता कुठे ती नळी आरपार झाली.

याच नळीच्या भिंतीतून काही अवयव फुटवे फुटावेत तसे वाढलेले असतात. एका फुटव्याचे यकृत होते. दुसऱ्यांचे स्वादुपिंड होते. पित्ताशयही इथेच तयार होते. रोहूच्या कुळातल्या माशांत यकृत आणि स्वादुपिंड एकमेकांत मिसळलेले असतात. यकृताचा तपकिरी भाग मोठ्या माशात आतड्याच्या वेटोळ्यांमध्ये पसरलेला दिसतो. स्वादुपिंडाचा वेगळा गोळा मात्र सापडत नाही. मासे साफ करणाऱ्या बायका हिरवे पित्त फुटू नये म्हणून किती जपतात ते तुम्ही पाहिलं असेल. पित्त फुटलं की मासा कडू होतो. तेच ते पित्ताशय. स्निग्ध पदार्थ पचवायला लागणारा पित्तरस त्यात साठतो.

अजून एक फुटवा आहे, आणि तो पचनासाठी नाही. तो म्हणजे वाताशय, हवेची पिशवी. तीही याच नळीतून निघते आणि रोहूमध्ये एका बारीक नलिकेने अन्ननळीला जोडलेलीच राहते. जिरे पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते, ती हवा या वाटेने वाताशयात जाते आणि पिल्लाला पाण्यात स्थिर राहता येते. याआधी ते तळाशी पडून राहायचे, मध्येच उसळी मारायचे. आता ते आडवे पोहू लागते. म्हणजे शिकारीसाठी तयार झाले.

निसर्गाने वेळ किती नेमकी साधली आहे बघा. पीतक संपत आले आहे, पण अजून थोडे शिल्लक आहे. अशा वेळी तोंड उघडते. एक-दोन दिवस पिल्लू दोन्हीकडून जेवते, थोडे शिदोरीतले आणि थोडे बाहेरचे. आपल्या बाळाला सहा महिन्यांनंतर दूध चालू ठेवून वरचे अन्न सुरू करतात, तसंच काहीसं. तुलना अगदी तंतोतंत नाही, कारण बाळाचं दूध पचनसंस्थेतून जातं आणि पीतक जात नाही. हा फरकही मुलांना सांगा.

पहिला घास चुकला तर?

आता सर्वांत नाजूक टप्पा. तोंड उघडले, पीतक संपले आणि समोर अन्नच नाही, तर काय होते?

पिल्लू लगेच मरत नाही. पण त्याचे आतडे खालावू लागते. आतल्या थराच्या पेशी आखडतात, घड्या सपाट होतात, स्नायू अशक्त होतात. मग एक क्षण असा येतो, की त्यानंतर पाण्यात कितीही अन्न टाकले तरी पिल्लाला ते पकडताही येत नाही आणि पचवताही येत नाही. ते अजून जिवंत असते, पोहतही असते, पण वाचणार नसते. अन्न नाही म्हणून आतडे खालावले, आणि आतडे खालावले म्हणून आता मिळालेले अन्नही उपयोगाचे नाही. असं हे दुष्टचक्र. उबदार पाण्यात ही मुदत अगदी मोजक्या दिवसांची असते.

नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी १९१४ साली समुद्रातल्या हेरिंग आणि कॉड माशांबद्दल असाच विचार मांडला होता. एखाद्या वर्षी मासे भरपूर आणि एखाद्या वर्षी कमी का मिळतात, याचे उत्तर पिल्लांच्या पहिल्या घासाच्या काळात शोधायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. या मतावर पुढे बरीच चर्चा झाली, पण पहिला घास महत्त्वाचा आहे, हे मत्स्यबीज वाढवणारा प्रत्येक जण अनुभवाने जाणतो.

हा पहिला घास कसला असतो? पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक. त्यातही प्राणीप्लवक. सुरुवातीला रोटिफरसारखे अगदी बारीक जीव, कारण तोंडच इतके लहान असते की त्याहून मोठे काही आत जात नाही. पुढे तोंड वाढते तसे डॅफ्निया आणि मोइनासारखे थोडे मोठे जीव. हे जिवंत अन्न हलते, म्हणून पिल्लाच्या नजरेस पडते. ते मऊ असते आणि प्रथिनांनी भरलेले असते. कोरड्या भुकटीत हे गुण एकत्र मिळत नाहीत.

जठर नाही, मग पचते कसे?

माणसाच्या जठरात आम्ल असते आणि पेप्सीन नावाचे विकर असते. प्रथिनांचे पचन तिथे सुरू होते. रोहूमध्ये जठर नाही, म्हणून आम्ल नाही आणि पेप्सीनही नाही. लहानपणी नसते आणि मोठेपणीही येत नाही. मग काम कसे चालते?

१. आतड्याचा पुढचा भाग फुगीर होतो. अन्न तिथे थोडा वेळ साठते. पाहणाऱ्याला ते जठर वाटते, पण त्यात आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी नसतात. म्हणून त्याला जठर म्हणायचे नाही.

२. प्रथिने पचवण्याचे काम स्वादुपिंडातून येणारी ट्रिप्सीनसारखी विकरे करतात. ही विकरे आम्लात नव्हे, तर किंचित अल्कधर्मी वातावरणात चांगले काम करतात. पहिल्या घासाच्या सुमारास ती थोडी असतात, आणि पिल्लू वाढते तशी वाढत जातात. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेजही हळूहळू वाढते.

३. आतड्याच्या मागच्या भागातल्या पेशी एक वेगळीच युक्ती करतात. प्रथिनांचे मोठे रेणू त्या जसेच्या तसे आत ओढून घेतात आणि मग पेशीच्या आत पचवतात. नळीत पचन अजून कच्चे आहे, तर पेशीच्या आत पचवू, असा हा मार्ग.

४. चावण्यासाठी जबड्यात दात नसतात. रोहूच्या तोंडात बोट घातलं तरी दात लागणार नाहीत. पण घशात, कल्ल्यांच्या शेवटच्या कमानीवर दात असतात! ते वरच्या एका कडक गादीवर अन्न घासतात. जाते घशात बसवले आहे असं म्हणा ना. पिल्लात हे दातही हळूहळू तयार होतात.

आता रोहूचाच एक छोटा नातेवाईक बघू, झेब्राफिश. आपल्या उपखंडातल्या ओढ्यांत राहणारा हा इवलासा पट्टेदार मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याच्यावर पायाभूत काम केले. कारण काय? पिल्लू पारदर्शक! आतडे कसे घडते, अन्न कसे सरकते, हे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पिल्लात दिसते. साधारण पाचव्या दिवशी ते खाऊ लागते. याच माशावर आणखी एक प्रयोग झाला. पिल्ले पूर्ण जंतुविरहित पाण्यात वाढवली, तेव्हा त्यांचे आतडे नीट परिपक्व झाले नाही. म्हणजे आतड्याच्या घडणीत तिथे वस्तीला येणाऱ्या जीवाणूंचाही हात असतो. "सगळे जंतू वाईट" असं म्हणणाऱ्या मुलांसाठी हे उदाहरण फार चांगलं आहे.

आतडे लांब का होते? थोडं गणित

जिरे ५ मिलिमीटरचे. बीज २५ मिलिमीटरचे. लांबी ५ पट झाली. समजा, शरीराचा आकार तसाच राहून सगळे अवयव त्याच प्रमाणात मोठे झाले, तर काय होईल?

- लांबी: ५ पट
- आतड्याच्या आतला पृष्ठभाग: ५ × ५ = २५ पट
- शरीराचे वजन: ५ × ५ × ५ = १२५ पट

अन्न शोषले जाते ते पृष्ठभागातून. पण खायला घालायचे असते ते सगळ्या वजनाला. वजन १२५ पट झाले आणि शोषणारा पृष्ठभाग फक्त २५ पट, तर हिशेब कसा जुळणार? अन्नाची गरज अगदी १२५ पट होत नाही हे खरे, पण २५ पटींपेक्षा बरीच जास्त होते. म्हणून आतड्याला शरीराहून वेगाने वाढावे लागते. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, आतल्या थराला घड्या पडणे. दोन, नळी लांब होणे.

पण पोटाची जागा तर तेवढीच! मग लांब नळी बसवायची कशी? दोरखंड पेटीत ठेवताना आपण काय करतो? वेटोळे करतो. तेच इथे होते. सरळ नळीला आधी एक वळण पडते, मग दुसरे, आणि बोटुकली होईपर्यंत वेटोळ्यांवर वेटोळी तयार होतात.

वर्ग आणि घन शिकवताना हे उदाहरण वापरून बघा. "घन कुठे उपयोगी पडतो?" या प्रश्नाला यापेक्षा जिवंत उत्तर कुठलं?

तीन भाऊ, तीन मजले

आता अन्न आणि आतडे यांचे नाते बघा. जिरे असताना रोहू, कटला आणि मृगळ तिघेही प्राणीप्लवक खातात. ताट एकच. तेव्हा तिघांची आतडीही आखूडच असतात. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात.

- कटला वरच्या थरात चरतो. तोंड वर वळलेले. कल्ल्यांवरच्या दाट चाळणीने तो प्राणीप्लवक गाळून खातो.
- रोहू मधल्या थरात. झालरीसारखे ओठ. वनस्पतींचे बारीक भाग, शेवाळ आणि वनस्पतीप्लवक खातो.
- मृगळ तळाशी. तोंड खाली वळलेले. चिखलातला कुजका पालापाचोळा आणि सेंद्रिय गाळ खातो.

मांसाहारी अन्न लवकर पचते. वनस्पती आणि गाळ पचायला वेळ लागतो, आणि त्यातून मिळणारे पोषणही विरळ असते. म्हणून रोहू आणि मृगळ यांचे आतडे शरीराच्या लांबीच्या अनेक पट होते. कटल्याचे त्या मानाने आखूड राहते. शेतकरी हे तिन्ही मासे एकाच तळ्यात एकत्र सोडतो ते याच कारणाने. तीन मजल्यांवर तीन पाहुणे, प्रत्येकाचे जेवण वेगळे, भांडण कमी.

नियमाला अपवादही सांगायला हवा. गवत्या मासा लहानपणी प्लवक आणि मोठेपणी चक्क गवत खातो, तरीही त्याचे आतडे रोहूइतके लांब नसते. घशातल्या भक्कम दातांनी तो गवत फाडतो, भरपूर खातो आणि त्यातले बरेचसे न पचताच बाहेर टाकतो. ती विष्ठा तळ्याला खत होते. म्हणून "शाकाहारी म्हणजे आतडे लांबच" असा सरसकट नियम मुलांना पाठ करायला लावू नका.

सगळ्या माशांचे असे नसते

पिल्लाच्या पचनसंस्थेचे ढोबळ मानाने तीन प्रकार सांगता येतात.

पहिला प्रकार ट्राउटचा. काश्मीर आणि हिमाचलच्या थंड ओढ्यांत हा मासा पाळतात. त्याचे अंडे मोठे, शिदोरी भरपूर, पीतक आठवडे पुरते. तोपर्यंत जठरही तयार होते. त्यामुळे पहिल्या घासालाच ते तयार कोरडे खाद्य खाऊ शकते.

दुसरा प्रकार मांगूरसारख्या माशांचा. यांना मोठेपणी जठर असते, पण पहिल्या घासाला ते तयार नसते. पहिले काही दिवस आतड्यावरच भागवावे लागते. मग जठर कामाला लागते, तेव्हा कोरडे खाद्य चालते.

तिसरा प्रकार रोहूच्या कुळाचा. जठर आधी नाही, नंतरही नाही.

आणि आपले गप्पी मासे? डास कमी करण्यासाठी आरोग्य विभाग हौदांत सोडतो तेच. ते अंडी घालत नाहीत, पिल्लांना जन्म देतात. पिल्लाची बरीच घडण आईच्या पोटातच होते. म्हणून ते जन्मल्याबरोबर पोहते आणि खाऊ लागते.

यातून मुलांना एक मोठी गोष्ट समजते. अंड्यात शिदोरी किती दिली आणि अंडी किती घातली, यांचा मेळ असतो. रोहूची एक किलोची मादीसुद्धा लाखाहून जास्त अंडी घालते, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला शिदोरी थोडी येते. ट्राउट अंडी कमी घालते, पण शिदोरी जास्त देते.

तळ्यावर आणि घरच्या टाकीत

हे सगळं कळल्यावर शेतकऱ्याच्या कामामागचं कारण उलगडतं. जिरे सोडण्याआधी साधारण दोन आठवडे संगोपन तळ्यात शेण का टाकतात? प्लवक तयार व्हायला वेळ लागतो म्हणून. पाहुणे यायच्या आधी स्वयंपाक तयार हवा! जिरे सोडून मग शेण टाकले तर प्लवक तयार होईपर्यंत पहिल्या घासाची वेळ निघून जाते. पुढे शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात, बारीक चाळून देतात. चाळायचे कारण तोंडाचा आकार. आणि हे पूरक खाद्य आहे. प्लवकाची जागा ते घेऊ शकत नाही.

पालकांसाठी घरच्या टाकीबद्दल थोडे.

- गोल्डफिशही रोहूच्याच कुळातला. त्यालाही जठर नाही, म्हणजे साठवायची पिशवी नाही. म्हणून एकदम मूठभर खाद्य टाकू नका. थोडे-थोडे, दोन-तीन वेळा द्या. उरलेले खाद्य कुजते आणि पाणी बिघडते.
- टाकीतल्या माशाने अंडी घातली आणि पिल्ले बाहेर आली, तर पहिले दोन-तीन दिवस त्यांच्या पोटाखालचा फुगवटा बघा. तो आहे आणि पिल्ले अजून आडवी पोहत नाहीत, तोपर्यंत खाद्य टाकायची घाई नको.
- पिल्ले आडवी पोहू लागली की मात्र उशीर नको. उकडलेल्या अंड्याचे बलक फडक्यातून गाळून चिमूटभर देतात, पण त्याने पाणी फार लवकर खराब होते. जिवंत बारीक अन्न मिळाले तर उत्तम.
- डासांच्या अळ्या मिळाव्यात म्हणून घरात पाणी साठवून ठेवू नका. डेंग्यूला आमंत्रण नको.

वर्गात करून बघा

१. दोऱ्याचा प्रयोग: मासेवाल्या मावशींना सांगून एका रोहूचे आतडे न तोडता काढून घ्या. हातमोजे घालून ते हलक्या हाताने उलगडा आणि दोऱ्याने मोजा. माशाच्या लांबीशी भागाकार करा. कटला मिळाला तर तोही मोजा आणि आकडे फळ्यावर लिहा. माणसाचे लहान आतडे साधारण ६ मीटर असते. आपल्या उंचीच्या किती पट, तेही काढू द्या. ज्या मुलांना मासा हाताळायचा नसेल त्यांच्याकडे मोजणीची वही द्या. कुणावर सक्ती नको.

२. वेटोळ्यांचा खेळ: काडेपेटीत दोन मीटर दोरा गाठ न पडता बसवा, आणि परत न गुंतता बाहेर काढा. पोटाच्या लहानशा जागेत एवढी लांब नळी न गुंतता राहणे किती अवघड आहे, ते हातांना कळेल.

३. पहिला घास बघा: बरणीत पाणी आणि मूठभर वाळलेले गवत चार-पाच दिवस ठेवा. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पळणारे सूक्ष्म जीव दिसतील. असल्याच बारीक जिवांवर माशांची पिल्ले पहिले जेवण करतात.

थोडक्यात

- जिऱ्याला तोंड नसते. पीतक सुमारे तीन दिवस पुरते.
- पीतक संपायच्या आत तोंड, गुदद्वार, यकृत, स्वादुपिंड आणि वाताशय तयार व्हावे लागते.
- पहिला घास वेळेवर मिळाला नाही तर आतडे खालावते आणि पिल्लू परतीच्या पलीकडे जाते.
- रोहूला जठर नाही. पचन आतड्यात, अल्कधर्मी वातावरणात होते.
- वाढत्या शरीराची गरज आणि बदलते अन्न, या दोन कारणांनी आतडे लांबते.

पुढच्या वेळी पचनसंस्थेची आकृती काढताना शेजारी एक रिकामी चौकट ठेवा आणि वर लिहा, "रोहूच्या पोटात काय असेल?" मुलांना अंदाज करू द्या. जठर काढणाऱ्या मुलाला चूक म्हणू नका. "त्यात आम्ल असेल का? मोठा मासा कापून बघितला तर काय दिसेल?" एवढंच विचारा. बाकीचं ते स्वतः शोधून काढेल.